डबा बघू नको, आधी जुना पार्ट बघ

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. मी सारसोळ्याचा. आमची १८ फुटी फायबरची होडी आहे, तिच्यावर यामाहाची १५ एच.पी.ची टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायची मोटर), आठ वर्षं झाली. मी आणि बाबा मिळून खाडीत जातो. बोई, कोळंबी, चिंबोरी, नशीब असलं तर एखादा जिताडा. मागच्या दिवाळीनंतर मोटर थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली. बाबा म्हणाले पाण्याच्या पंपाचं कंपनीचं किट आण. मी पैसे वाचवायला नुसता लोकल इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक आणलं, मेस्त्रीने बसवलं. दोन महिन्यांत धार पुन्हा तशीच. तेव्हापासून घरात रोज ऐकून घेतोय. बाबा म्हणतात, लोकल माल म्हणजे खाडीत मरण. मेस्त्री म्हणतो, कंपनीवाले नुसतं डब्यावरचं नाव विकतात, आत माल तोच. आता मासेमारीच्या पावसाळी बंदीत मोटर उघडली आहे. गिअर ऑइल दुधासारखं निघालं. मोटर तासभर चालली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने परत चालू होते. मेस्त्री म्हणतो ठिणगीची कॉइल गेली. पेट्रोलचा पाइप कडक झालाय, झिंक संपलंय, पंख्याचं एक पातं वाकलंय. हातात १५ हजार आहेत. सगळं कंपनीचं घेतलं तर पुरणार नाहीत. कुठे कंपनीचं घ्यायचं आणि कुठे बाहेरचं चालेल, एकदा लिहा. बाबांना दाखवतो.

उत्तर:

दादूस, पत्र बाबांना दाखवणार आहेस म्हणून आधीच सांगतो, या भांडणात तुम्ही तिघंही अर्धे बरोबर आहात. तू, बाबा आणि मेस्त्री. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि सगळं तिच्यावरच अडलंय. दोन महिन्यांत गेलेला तो लोकल इम्पेलर बाहेर काढला तेव्हा कसा दिसत होता? पाती तुटलेली होती? टोकं झिजून गोल झाली होती? एका बाजूला वाकून तशीच राहिली होती? की इम्पेलर धडधाकट होता आणि तरीही धार बारीक होती? यातलं काहीच तू लिहिलं नाहीस, म्हणजे कोणी बघितलं नाही. जुना पार्ट उकिरड्यावर गेला आणि खापर ‘लोकल’ या शब्दावर फुटलं.

मी चेंदणी कोळीवाड्यातला. भाऊच्या धक्क्यावरच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. तिथे माझ्या उस्तादाचा एकच नियम होता: जुना पार्ट गिऱ्हाइकाला द्यायचा नाही आणि फेकायचाही नाही, संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवायचा. मेला कशाने ते तोच सांगतो.

आता तुझा पंप. इम्पेलर कसा चालतो ते नीट समजून घे, म्हणजे बाबांना समजावता येईल. तो ड्राइव्ह शाफ्टवर बसतो, आणि ड्राइव्ह शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. म्हणजे तू मूठ पूर्ण पिळलीस की रबराची ती चिमुकली पाती मिनिटाला पाच हजार फेरे घेतात. ज्या कपात ती फिरतात तो स्टीलचा, आणि खाली स्टीलचीच प्लेट. मोटर हळू असताना पाती कपाला घासून पाणी ढकलतात. वेग वाढला की पाती आत मिटतात आणि पंप पाणी नुसतं भिरकावतो. म्हणून पंप झिजला की पहिली बोंब हळू चालताना होते. मूठ सोडली की धार बारीक होते, वेग दिला की बरी वाटते. उलट हळूवर धार चांगली आणि वेगात कमी, असं असेल तर पंपापेक्षा पाणी आत घ्यायच्या जाळीवर संशय घे. प्लॅस्टिकची पिशवी, तिवरांचा पाला, आतल्या वाटेत बसलेलं मीठ, काहीही असेल.

ठाण्याच्या खाडीत पाण्याबरोबर गाळही येतो. २०२२ मध्ये आपली खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, त्यात या चिखलाचा आणि त्यावर चरणाऱ्या फ्लेमिंगोंचा मोठा वाटा. पक्ष्यांना तो चिखल म्हणजे भरलेलं ताट. पण इम्पेलरला तो पॉलिश पेपर. ओहोटीला सारसोळ्याच्या जेट्टीवरून निघताना पंखा चिखल ढवळतो, तोच चिखल पंपात जातो, आणि रबराबरोबर कप आणि प्लेटही घासली जाते. आठ वर्षांच्या मोटरच्या कपात नखाला लागेल अशी खाच पडलेली असणार. त्यात नवा इम्पेलर टाकलास, मग तो लोकल असो नाहीतर जपानहून विमानाने आलेला, पाती कपाला टेकणारच नाहीत. खाच कडेला धारदार असेल तर नवी पाती महिन्या-दोन महिन्यांत कापून टाकेल.

म्हणून माझा अंदाज असा: तुझा इम्पेलर लोकल होता म्हणून नव्हे, एकटा होता म्हणून गेला. मेस्त्रीने नुसता इम्पेलर बदलला, कप आणि प्लेट जुनीच ठेवली. आता पूर्ण किट घे. इम्पेलर, कप, प्लेट, पॅकिंग, ओ-रिंग, चावी, सगळं. बसवताना पात्यांना ग्रीस चोपडू नको, साबणाचं पाणी लाव, आणि शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत कप खाली उतरव, म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतील. उलटी वळलेली पाती सुरू करताच पलटी खातात आणि बुडाशी चिरतात. आणि जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटून हरवलं असेल तर ते शोधल्याशिवाय मोटर परत जोडू नको. तो तुकडा वर इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत अडकून बसलेला असतो.

हे किट मात्र मी कंपनीचंच घेईन, किंवा परदेशात बोटींचेच पार्ट करणाऱ्या जुन्या नावाचं. सिएराचं मिळालं तर बिनधास्त घे, ती कंपनी दुसऱ्यांच्या मोटारींचेच पार्ट बनवते. बिननावाच्या पिशवीतलं किट नको. कारण सोपं आहे. किटमधला कप पातळ पत्र्याचा निघाला किंवा इम्पेलरचं रबर कडक निघालं, तर ते तुला दुकानात कळणार नाही, वाशीच्या पुलाखाली कळेल. पण ‘कंपनीचं’ म्हटलं की डोळे मिटायचे असंही नाही. रबर डब्यातसुद्धा म्हातारं होतं. दुकानदाराकडे पाच वर्षं पडलेलं ओरिजनल किट ताज्या लोकलपेक्षा वाईट. पातं बोटाने पूर्ण वाकव आणि सोड. झटकन सरळ झालं पाहिजे, आणि वाकलेल्या जागी बारीक रेघा दिसता कामा नयेत.

हो, एक राहिलं. पंपाला हात लावायच्या आधी धार जिथून बाहेर येते ते छोटं भोक तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) घालून साफ केलंस का? पावसाळ्यात मोटर पडवीत उभी राहिली की कुंभारमाशी नेमकी त्याच भोकात घर करते. मी स्वतः दोन मोटारींचे पंप उगाच उघडलेत, आणि आत मातीचं घर निघालंय. हसू नको.

आता मेस्त्रीचं म्हणणं घेऊ, ‘डब्यावरचं नाव विकतात’. यात तथ्य आहे, फक्त त्याला ते कुठवर खरं आहे ते माहीत नाही. मोटर बनवणारी कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः ओतत नाही. बेअरिंग बेअरिंगवाल्याकडून, प्लग प्लगवाल्याकडून, ऑइल सील सीलवाल्याकडून घेते. तुमच्या जेट्टीवर कुणाच्या लहान फोर-स्ट्रोकवर मर्क्युरी लिहिलेलं असेल, तर ती मोटर बहुतेक जपानच्या तोहात्सूने बनवलेली असते. नाव वेगळं, मोटर तीच, आणि कित्येक पार्ट एकमेकांना बसतात, किंमत मात्र डब्याप्रमाणे बदलते.

यामाहाच्या पार्ट नंबरात एक खूण आहे. पहिली तीन अक्षरं, समजा ६३व्ही, ही तो पार्ट मुळात ज्या मॉडेलसाठी केला त्याची. म्हणून तुझ्या मोटरच्या यादीत एखाद्या पार्टला वेगळाच जुना नंबर दिसला तर दचकू नको, तोच बसतो. पण जे नंबर ९ ने सुरू होतात ते साधे मापाचे पार्ट: नट, वॉशर, बेअरिंग, ओ-रिंग, ऑइल सील. ९३१०१ ने सुरू होणारा नंबर म्हणजे ऑइल सील, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे आतला व्यास मिलिमीटरमध्ये. हे पार्ट कंपनीच्या डब्यातूनच घेतले पाहिजेत असं नाही. मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला जा, जुनं सील किंवा बेअरिंग हातात घेऊन. त्यावर कोरलेलं नाव आणि माप दाखव, आणि त्याच बनवणाऱ्याचा पार्ट त्याच्याच डब्यात माग. एनओके, एनटीएन, कोयो, जे कोरलं असेल ते. तिथे मेस्त्री शंभर टक्के खरा. पण ‘त्याच मापाचा’ आणि ‘तोच’ यात फरक असतो. तो सीलच्या बाबतीत सांगतो, कारण तुझं गिअर ऑइल दुधाळ निघालंय.

दुधाळ ऑइल म्हणजे लेगमध्ये, मोटरच्या खालच्या गिअरच्या भागात, पाणी शिरलंय. पाणी सहसा तीन ठिकाणांहून येतं. पहिली जागा म्हणजे ऑइल भरायच्या आणि हवेच्या स्क्रूखालचे वॉशर. ते अगदी किरकोळ असतात, आणि लोक तेच जुने पुन्हा लावतात. ऑइल बदललं की दोन्ही नवे. दुसरी जागा पंख्यामागचं सील, आणि तुझ्यासारख्या मासेमाराच्या मोटरमध्ये माझा पहिला संशय तिथेच. पंखा काढ, शाफ्टभोवती तंगूस गुंडाळलेला सापडेल. जाळ्याचा तो धागा गरम होऊन सीलच्या ओठात घुसतो आणि चिरतो. तिसरी जागा वर, पंपाखालचं ड्राइव्ह शाफ्टचं सील.

सील बाहेरून घ्यायला हरकत नाही, पण दुकानदाराला एक विचार: आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का? मोटरसायकलच्या सीलला आत साध्या पोलादाची स्प्रिंग असते. तिथे चालते, कारण तिला खारं पाणी लागत नाही. आपल्याकडे ती एका पावसाळ्यात गंजून तुटते, सीलचा ओठ सैल पडतो, आणि मग म्हणायचं ‘लोकल सील टिकत नाही’. माप तेच होतं, सील ते नव्हतं. शिवाय शाफ्टवरून नख फिरव. जुन्या सीलने तिथे चर पाडली असेल तर नवं सील मिलिमीटरभर मागे-पुढे बसव, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. पंख्यापाशी दोन सीलं असतात. एक पाणी बाहेर ठेवायला, एक ऑइल आत ठेवायला. काढताना कुठलं कोणत्या तोंडाने होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढ. जोडून झालं की ऑइल भरायच्या आधी लेगमध्ये थोडी हवा भर आणि पिंपात बुडवून बुडबुडे बघ. अर्धा-पाऊण किलो दाब पुरे, टायरची हवा भरल्यासारखी भरलीस तर चांगलं सीलच उलटून बाहेर येईल. मग मरीन गिअर ऑइल भर, खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलंस तर आत हवा राहते.

आता कॉइल. इथे मेस्त्रीशी माझं जमत नाही.

तुझंच पत्र परत वाच. धार बारीक आहे. मोटर तासभर चालून बंद पडते. अर्ध्या तासाने, म्हणजे गार झाल्यावर, चालू होते. अरे, या दोन तक्रारी नाहीत, एकच असू शकते. मोटर तापत असेल. कॉइल तापल्यावर जाते हे खरं, तसं मीही खूप बघितलंय, पण पाणी नीट फिरत नसलेल्या मोटरमध्ये आधी कॉइल घेणं म्हणजे ताप आलेल्याला चष्मा बदलून देणं. पंपाचं किट टाक, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) तपास, आणि मगच होडी बाहेर काढून मोटर चालव. बंद पडलीच तर तिथल्या तिथे तीन गोष्टी कर. पहिली, सिलिंडरच्या हेडवर पाण्याचे चार थेंब टाक. चुर्रकन उडून गेले तर मोटर तापलीय, कॉइलचा विषय मिटला. दुसरी, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना बघ आणि पाइपवरचा रबरी गोळा दाब. गोळा चेपलेला असेल, किंवा दाबल्यावर मोटर लगेच चालू झाली, तर रोग पेट्रोलचा. तिसरी, प्लग काढून ठिणगी बघ, पेट्रोलच्या टाकीपासून लांब. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, तर मेस्त्री जिंकला.

आणि तो जिंकला तर? इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणारा, एकही पार्ट बिननावाचा घेऊ नको. कॉइल, स्टेटर, सीडीआय, तिन्ही. हे पार्ट उघडून बघता येत नाहीत, राळेत बंद असतात, आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. टेबलावर सगळे चालतात, तापल्यावर कळतं. विजेचा पार्ट एकदा जोडला की दुकानदार परत घेत नाही, ते वेगळंच. नवा कंपनीचा परवडत नसेल तर मोडीत काढलेल्या त्याच मॉडेलच्या मोटरचा जुना ओरिजनल घे. नव्या नकलेपेक्षा जुना असल बरा. भाऊच्या धक्क्याकडे मिळतो, पण बिल घे. मोटारी चोरीला जातात, आणि कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन आलेली कॉइल आपल्या होडीवर नको.

थर्मोस्टॅटबद्दल एक सल्ला हमखास मिळतो, ‘काढूनच टाक, मोटर गार राहील’. काढू नको. तुझ्यासारख्या मोटरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास उघडतो. गाडीचा ८० च्या वर. म्हणून गाडीचा बसत असला तरी चालत नाही. तेवढ्या तापमानाला खाऱ्या पाण्यातले क्षार आतल्या वाटांना चिकटतात. आणि अजिबात नसेल तर इंजिन थंडच राहतं, टू-स्ट्रोकमध्ये काजळी धरते, प्लग ओले होतात. घरी तपासता येतो: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकव, थर्मामीटर धर, पाणी तापव. वेळेवर उघडला तर जुनाच धुऊन लाव, पॅकिंग नवं. पातेलं आईला विचारून घे.

प्लग: हँडबुकात जो पूर्ण नंबर आहे, अक्षरांसकट, तोच. तो नंबर मोटरसायकलच्या दुकानात मिळाला तर तो तोच प्लग, बोटीच्या डब्याचे जादा पैसे देऊ नको. फक्त ‘जवळचा’ घेऊ नको. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. हा घोळ करून पिस्टनला भोकं पाडलेली माणसं मला माहीत आहेत. एनजीकेच्या नकला खूप फिरतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून घे.

पेट्रोलच्या पाइपवर मात्र थांबतो, कारण हा रोग नवा आहे. भारतात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. ओबीएम बनवणाऱ्यांच्या हँडबुकात साधारण १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तुझी मोटर त्याआधीची. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, कडक करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. खाडीवरच्या दमट हवेत अर्धी टाकी आठवडाभर ठेवलीस तर तळाला पाणी. म्हणून पाइप, गोळा आणि फ्यूल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) हे तिन्ही एकदम बदल. पाइप कंपनीचाच हवा असं नाही, पण त्यावर बोटीच्या पेट्रोलसाठीचा छाप हवा, एसएई जे१५२७ किंवा आयएसओ ७८४०. मीटरवर मिळणारा पारदर्शक पाइप नको, तो पाण्याच्या फिल्टरला ठेव. शंका असेल तर बोटभर तुकडा कापून काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेव, घराबाहेर. सकाळी मऊ पडला, फुगला किंवा पेट्रोलला रंग आला, तर तो पाइप कार्ब्युरेटरला काय देणार ते समजलं. डायफ्राम मी कंपनीचा घेईन. एवढासा तुकडा आहे, आणि तो ताठ निघाला तर मोटरला पेट्रोल कमी मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ऑइल त्यातच असतं. याच कारणासाठी कार्ब्युरेटरचे पितळी जेट (पेट्रोल मापाने सोडणारी बारीक भोकं) कधी लोकल घेऊ नको. भोक केसभर चुकलं की पिस्टन गेला. जुने जेट साफ करून वापर, तारेने खरवडू नको.

ऑइलचं तू काही लिहिलं नाहीस. पेट्रोलमध्ये स्कूटरचं टू-टी ऑइल घालत असशील तर आजच थांबव. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ हा बोटीच्या टू-स्ट्रोक ऑइलचा छाप पाहिजे. ते कोणत्या कंपनीचं हे मला महत्त्वाचं नाही. प्रमाण हँडबुकाप्रमाणे. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, अंदाजाने नाही, मापाने.

झिंक, म्हणजे लेगऐवजी स्वतः झिजणारा ॲनोड. बाजारात झिंक म्हणतात, पण आपल्या खाडीसाठी मी ॲल्युमिनियमचा घेईन. पावसात खाडीचं पाणी निम्मं गोडं होतं, आणि गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो, मग ते काम करेनासं होतं. ॲल्युमिनियमचा दोन्हीकडे चालतो. मॅग्नेशियमचा कोणी दिला तर घेऊ नको, तो फक्त गोड्या पाण्यातला. इथे बाहेरचा माल चालतो, पण धातू भेसळीचा नको. अख्खा मोसम जाऊनही तसाच्या तसा राहिला तर खूश होऊ नको. तो झिजत नाही म्हणजे त्याच्याऐवजी लेग झिजतोय. एक तर धातू बोगस, नाहीतर खाली रंग लागल्यामुळे त्याचा लेगला स्पर्शच होत नाही. बसवायची जागा घासून चकचकीत कर, आणि त्यावर रंग फासू नको. अर्धा झिजला की नवा.

पंखा: वाकलेलं पातं आधी सरळ करून मिळतंय का बघ. नवाच लागला तर बाहेरचा ॲल्युमिनियमचा चालेल, फक्त व्यास आणि पिच (पात्यांचा पीळ) जुन्यावर कोरलंय तेच. स्टीलचा चमकदार घ्यायचा मोह होईल. आपल्या खाडीत दगड, खांब, बुडालेली लाकडं. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि धक्का जिरवतं. स्टीलचं वाकत नाही, धक्का सरळ गिअरला देतं.

यावरून माझी एक लाज सांगतो. तरुणपणी माझ्याकडे छोटी मोटर होती, तिच्या पंख्याला शिअर पिन असायची. ती मुद्दाम मऊ असते. पंखा आपटला की पिन तुटते, गिअर वाचतो. माझी पिन सारखी तुटायची, म्हणून मी ‘पक्कं’ करायला कडक पोलादी सळईचा तुकडा घातला. मोठा हुशार! ऐरोलीच्या पुढे काहीतरी लागलं, पिन शाबूत राहिली आणि गिअरचे दात गेले. ओहोटी लागली होती. वल्हं घेतलं नव्हतं. होडी खाजणात टेकली आणि भरती येईपर्यंत सहा तास मी चिखलात डास मारत बसलो. तो तुकडा कोणी मला फसवून विकला नव्हता. पार्ट कशासाठी मोडतो ते मीच विचारलं नव्हतं.

बाबांच्या बोलण्यात ‘खाडीत मरण’ आहे ना, ते नुसतं तोंडाने बोललेलं नाही. कधी विचार त्यांना, कुठे अडकले होते. प्रत्येक नाखव्याची अशी एक रात्र असते. आणि जो पार्ट बिघडला तर होडी जागच्या जागी बंद पडते, किंवा जो बिघडताना दुसरा महाग पार्ट घेऊन जातो, तिथे मी त्यांच्याच बाजूचा आहे.

तेव्हा १५ हजारांचं असं कर. पहिल्या फेरीत पंपाचं पूर्ण किट आणि फ्यूल पंपाचा डायफ्राम कंपनीचा. पाइप आणि गोळा छाप बघून बाहेरचा. सीलं नागदेवीहून, ओ-रिंगा आणि वॉशर तिथेच. ॲनोड बाहेरचा. प्लग दोन लावायला, दोन डब्यात. गिअर ऑइल. थर्मोस्टॅट पातेल्यात पास झाला तर तेवढे पैसे वाचले. कॉइलचे पैसे बाजूला बांधून ठेव, नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावू नको. मोटर जोडली की दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घे. दोघांत फार फरक निघाला तर तापलेल्या मोटरने पिस्टनवर आधीच ओरखडे काढलेत. तसं असेल तर बाकी खरेदी थांबव आणि मला परत लिही, कारण मग हिशोबच वेगळा.

मोटर पिंपात चालव, पाणी पंपाच्या वर यायला हवं, कोरडी दहा सेकंदही नाही. आणि मोसम सुरू झाला की रोज घरी आल्यावर त्याच पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं. तुमच्याकडे पाण्याची अडचण असेल तर एक दिवसाआड.

तो जुना कप मेस्त्रीने अजून फेकला नसेल तर उन्हात धरून आतून फोटो काढ आणि बाबांना दाखव. खाच दिसली तर लोकल इम्पेलरची माफी मागायला त्यांना सांगू नको, फक्त फोटो पुढे ठेव आणि चहा मागव.

— मेस्त्रीकाका